बदामाची भाकरी

चेतनाताईंनी स्वयंपाकघरातलं विष बाहेर काढलं, तो सोमवार होता. सोजरबाई नेहमीसारखी सकाळी साडेसातला जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बंगल्यात पोचली, चपला काढल्या, पदर खोचला आणि आत येऊन बघते तर फरशीवर डबेच डबे मांडलेले. तांदळाचा, पोह्यांचा, रव्याचा, साखरेचा, गुळाचा. भिंतीला टेकून ज्वारीचं अर्धं पोतं. आणि मधोमध कमरेवर हात ठेवून चेतनाताई.

"पोरकिडं झालं का वो ताई? उनात घालू का समदं?"

"किडे नाहीत, सोजरबाई. विष आहे हे. इतकी वर्षं आपण विष खात होतो."

सोजरबाईनं पोत्याकडं बघितलं. ती ज्वारी मैंदर्गीहून आलेली, ताईंच्या सासऱ्यांच्या शेतातली. दरसाल ते स्वतः एसटीत घालून पोचवायचे. मोत्यासारखी टपोरी, भाकरी केली तर चार दिवस मऊ राहणारी.

"ज्वारीबी?"

"ज्वारी तर सगळ्यात आधी. कार्ब्ज असतात त्यात. हे सगळं तुम्ही आजच्या आज घरी घेऊन जा. माझ्या नजरेसमोर नको."

सहा वर्षांत या घरातून सोजरबाईला उरलेली भाजी मिळाली होती, दिवाळीला साडी मिळाली होती, एकदा बिघडलेला मिक्सर मिळाला होता. विष पहिल्यांदाच मिळत होतं. तिनं भीत भीत विचारलं, "आन आमी खाल्लं तर?"

"तुमचं वेगळं आहे," चेतनाताई समजुतीनं म्हणाल्या. "तुम्ही अंगमेहनतीची माणसं. तुम्हाला पचतं."

दुपारी सोजरबाईचा नवरा भीमा रिक्षा घेऊन आला आणि विष घेऊन कुमठा नाक्याला गेला. पोतं उतरवताना त्यानं मूठभर ज्वारी हातावर घेऊन फुंकर मारली आणि म्हणाला, "असलं इष म्हैन्याच्या म्हैन्याला निघू दे की."

झालं होतं असं. चेतनाताईंचे मिस्टर संगमेश हे दातांचे डॉक्टर. सात रस्त्याजवळ त्यांचा दवाखाना. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचे, घरी आले की स्वतःच्या ताटात बघायचे. बोलणं दोन्हीकडं बेताचंच. मुलगा पुण्याला शिकायला, घरात ही दोघंच. पावसाळ्यात संगमेशांची रक्ततपासणी झाली आणि साखर काठावर निघाली. त्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक भाकरी कमी खा, संध्याकाळचं फरसाण बंद करा आणि तासभर चाला. बास.

एवढ्यावर चेतनाताईंचं समाधान होईना. ज्यासाठी काही विकत आणावं लागत नाही, कुणाला सांगून कौतुक होत नाही, त्याला उपाय कसं म्हणायचं? त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि त्यांना गुरु सापडला.

गुरु हे त्याचं नावच होतं, त्यामुळं निम्मं काम आईबापांनीच करून ठेवलेलं. तिशीतला पोरगा. आधी मोबाइलची कव्हरं विकायचा, मग प्लॉट विकायचा, आता लो-कार्ब कोच झाला होता. फोनवरच्या त्याच्या वर्गात दीडशे बायका. सकाळी सहाला त्या आपापल्या घरी उभ्या राहून तीनदा म्हणायच्या, "भाकरी ही माझी सवय आहे, गरज नाही." चेतनाताई हे गॅलरीत उभ्या राहून म्हणायच्या. समोरच्या बंगल्यातला कुत्रा पहिले चार दिवस भुंकला, मग त्यालाही सवय झाली.

सोजरबाईचे हाल सुरू झाले. पूर्वी दोन माणसांचा स्वयंपाक ती दीड तासात उरकून पुढच्या कामाला जायची. आता फ्लॉवर किसायचा, फडक्यात पिळायचा, तुपावर परतायचा आणि त्याला भात म्हणायचं. कोबी बारीक चिरायचा, त्यावर फोडणी घालायची आणि त्याला पोहे म्हणायचं. दुधीच्या लांब लांब पट्ट्या काढायच्या. त्यांना काय म्हणायचं ते तिला तीनदा सांगूनही जमलं नाही, तेव्हा ती त्यांना फिती म्हणू लागली. आमटीतली डाळ चमच्यानं मोजायची. शेंगाचटणी, जी या घरात वाटीनं संपायची, तिच्या डब्यावर चिठ्ठी चिकटली: दिवसाला दोन चमचे. कमी खाण्यासाठी एवढं काम करावं लागतं हे सोजरबाईला ठाऊकच नव्हतं.

एकदा ताईंनी इसबगोलाचा डबा पुढं केला. "हे पिठात घालायचं. बाइंडिंगसाठी."

"ताई, हे पोट साफ व्हायला घेत्यात न्हवं?"

"ते जुनं झालं, सोजरबाई."

संगमेश जेवायला बसायचे. ताटातला पांढरा किसलेला ढीग चमच्यानं इकडून तिकडं करायचे, मग तिकडून इकडं. पाणी प्यायचे. "छान आहे," म्हणायचे आणि उठायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झाली आणि चेहऱ्यावर, गावाला गेलेल्या माणसाचं घर दिसतं तशी कळा आली.

तेवढ्यात गुरुनं वर्गाला एक कामगिरी दिली. आपापल्या घराण्यातला एक पदार्थ घ्यायचा, त्याचा लो-कार्ब अवतार करायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. लातूरच्या एका बाईनं पनीरची पुरणपोळी केली. विजापूरच्या एकीनं सोयाबीनची भज्जी. चेतनाताईंनी सगळ्यांवर मात करायची ठरवली. त्यांनी वर्गात जाहीर केलं, "मी भाकरी करणार. थापलेली. फुगलेली." जाहीर त्यांनी केलं आणि थापायचं सोजरबाईनं.

पीठ ठरलं बदामाचं, त्यात जवसाची पूड आणि चमचाभर इसबगोल. सोजरबाईनं आधणाचं पाणी घालून मळायला घेतलं. पीठ मळलं जाईना. तळहाताला असं चिकटलं, की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. थापायला गेली तर काठाला चिरा. उचलायला गेली तर अर्धी भाकरी हातात, अर्धी परातीत. तव्यावर पडली ती भाकरी म्हणून नाही, खरवड म्हणून. एक झाली, दोन झाल्या, अकरा झाल्या. समोर तिपाईवर फोन लावून चेतनाताई उभ्या.

"ताई, या पिठाला विरीच न्हाय, धरूनच ऱ्हाईना. थापणार कसं?"

"पिठाला काही झालेलं नाही. गुरुसरांच्या मावशींना जमते. तुमच्या हाताला वळणच नाही, सोजरबाई. सगळं घाईघाईनं उरकायची सवय."

सोजरबाईनं परात खरवडायला घेतली. नवव्या वर्षी करमाळ्याजवळच्या गावात आजीशेजारी बसून तिनं पहिली भाकरी थापली होती. त्यानंतर लग्नात, बारशात, उसाच्या टोळीत, मयताच्या घरी, दोन-दोनशे माणसांच्या पंगतीला तिनं भाकऱ्या थापल्या होत्या. तिची सासू, जिनं उभ्या जन्मात सुनेला चांगलं म्हटलं नाही, ती सुद्धा शेजारणीला सांगायची की सोजरची भाकरी तेवढी बरी असते. आणि जिनं परात फक्त धुताना बघितली, ती बाई म्हणते वळण नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिनं स्टीलच्या छोट्या डब्यात त्याच पोत्यातल्या ज्वारीचं पीठ भरलं, पिशवीत तळाशी ठेवलं, वर रुमाल टाकला.

चेतनाताई अंघोळीला गेल्या होत्या. सोजरबाईनं बदामाच्या पिठात एक मूठ ज्वारी घातली. थोडा विचार करून आणखी एक घातली. उकळतं पाणी ओतलं, वाफेवर झाकून ठेवलं, मग चांगलं रगडून मळलं. ताई बाहेर येईपर्यंत भाकरी परातीत गोल फिरायला लागली होती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली, आणि ती फुगली. टम्म नाही, पण एका बाजूनं गाल फुगवल्यासारखी फुगली.

चेतनाताई किंचाळल्याच. "थांबा! थांबा! तशीच धरा!"

व्हिडिओत सोजरबाईचे फक्त हात आले. काकणं काढायला लावली होती, कारण ती व्हिडिओत वाजत होती. वरून आवाज चेतनाताईंचा: "मैत्रिणींनो, सिक्रेट एकच. कोमट पाणी आणि पेशन्स." संध्याकाळपर्यंत वर्गातल्या दीडशे बायकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. चार दिवसांत तो व्हिडिओ वर्गाबाहेर गेला आणि कोण कुठल्या बायका विचारू लागल्या, ताई, आमची का तुटते? चेतनाताई प्रत्येकीला उत्तर द्यायच्या: सराव करा. हाताला वळण लागायला वेळ लागतो.

त्या घरात पुन्हा भाकरी सुरू झाली. रोज चार. आणि सोजरबाईच्या मुठी वाढत गेल्या. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात चार. तिसऱ्यात परातीत ज्वारी जास्त आणि बदाम नावाला अशी अवस्था आली. कारण साधं होतं. रोज एवढ्यानं बरी होते तर थोड्या आणखीनं आणखी बरी होईल, असं हात म्हणायचे आणि सोजरबाई हातांचं ऐकायची. उरलेलं बदामाचं पीठ तिनं कधी घरी नेलं नाही. ते ती भाजीत घालायची. त्यामुळं दुधीसुद्धा लग्नातल्यासारखी लागू लागली, आणि त्याचंही श्रेय लो-कार्बला मिळालं.

आणि गंमत अशी, की चेतनाताईंचं वजन चार किलोनं उतरलं. त्या रोज सकाळी चालायला जात होत्या. संध्याकाळचं फरसाण आणि दुपारचे पेढे बंद झाले होते. पण गुरुनं वर्गात सांगितलं, "हा चमत्कार बदामाच्या भाकरीचा आहे." चेतनाताईंनी जुना आणि नवा असे दोन फोटो जोडून टाकले. जुन्यात त्या बसलेल्या होत्या, नव्यात पोट आत घेऊन उभ्या.

फक्त एक गोष्ट आड यायची. वर्गातल्या निम्म्या बायकांनी दंडावर साखर मोजणारं यंत्र चिकटवलं होतं, म्हणून चेतनाताईंनीही चिकटवलं, त्यांना साखर नसताना. दंडावर गोल बटण आणि फोनवर आलेख. भाकरी खाल्ली की तासाभरानं आलेखाचा डोंगर व्हायचा. त्यांनी गुरुला विचारलं. गुरु म्हणाला, "ताई, हा स्ट्रेस आहे. तुम्ही जेवताना टेन्शन घेता." मग चेतनाताई जेवताना टेन्शन न घेण्याचं टेन्शन घेऊ लागल्या आणि डोळे मिटून घास चावू लागल्या. डोंगर काही हलला नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की यंत्रच खराब आहे.

सोजरबाईला ताईंची काळजी नव्हती. तिला साहेबांची होती. तिच्या थोरल्या भावाचा पायाचा अंगठा साखरेनं गेला होता. संगमेशांसारखा भला माणूस आपल्या मुठीमुळं आजारी पडला तर? दोन रात्री तिला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी चेतनाताई चालायला गेलेल्या असताना ती चहा घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"साहेब, तुमची साकर लई हाय का वो?"

"काठावर आहे. का?"

"भाकरी खाल्ल्यानं वाढती का?"

संगमेशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला तीन खायची सवय होती, डॉक्टरांनी दोन सांगितल्या. दोनच खातो. चालतो. दोनाला कुणी नको म्हटलेलं नाही."

"बदामाच्या दोन का कशाच्याबी दोन?"

ते हळू आवाजात म्हणाले, "सोजरबाई, मी मैंदर्गीचा आहे. वीस वर्षं आईच्या हातची भाकरी खाल्ली. तुम्ही काय घालता ते मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. फक्त आहे तेच चालू ठेवा. मधले तीन आठवडे मी काय सोसलंय ते माझं मला माहीत."

सोजरबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तरी त्या दिवसापासून ती त्यांच्या भाकऱ्या पातळ थापू लागली.

दरम्यान गुरुच्या डोक्यात धंदा शिरला. बदामाच्या भाकरीचं तयार पीठ पाकिटात भरून विकायचं, वर चेतनाताईंचा फोटो. बायकांनी मागणी नोंदवली सुद्धा. जाहिरातीसाठी त्यानं ठरवलं की स्वतः सोलापुरात येऊन ताईंच्या 'आदर्श स्वयंपाकघरात' चित्रण करायचं. रविवार ठरला. चेतनाताईंनी ओटा घासून घेतला, पडदे बदलले, आणि सोजरबाईला नवीन एप्रन दिला. चेहरा येणार नसला तरी एप्रन येणार होता.

रविवारी दहाला गुरु आला. बरोबर दोन फोन, एक गोल दिवा आणि अंगाला दोन मापं लहान शर्ट. आणि साडेदहाला, कुणाला न सांगता, खांद्यावर ज्वारीची पिशवी टाकून चेतनाताईंचे सासरे शिवलिंगप्पा आले. पंच्याहत्तरीचे, ताठ, डोक्याला पटका. त्यांना या घरातल्या विषाची काहीच खबर नव्हती.

चेतनाताईंनी पिशवी चटकन जिन्याखाली सरकवली. गुरुचे मात्र डोळे चमकले. "ताई, हे तर देवानंच पाठवले! शेतकरी! पटका! काकांना टेबलाशी बसवा. पहिला घास त्यांचा."

अप्पांना बसवलं. गोल दिवा तोंडासमोर आला तसे त्यांनी डोळे बारीक केले. सोजरबाईनं गरम भाकरी, शेंगाचटणी आणि दुधीची भाजी वाढली. माणसांना फसवणं सोपं. पण ज्यानं पेरली, राखली, कापली, त्याच्याच ताटात त्याची ज्वारी वाढताना तिला देवळात खोटं बोलल्यासारखं वाटलं.

गुरु फोनमागून म्हणाला, "काका, ही आमची बदामाची भाकरी. झीरो ज्वारी. खा आणि मनापासून सांगा कशी लागते."

अप्पांनी भाकरीचा पापुद्रा सोडवला, वास घेतला, तुकडा मोडला, चटणीला लावला आणि चावला. मग थांबले. पुन्हा एक तुकडा घेतला, नुसताच.

"इदु नम्म होलद जोळ," ते कानडीत म्हणाले.

"मराठीत, काका, मराठीत!"

"आमच्या शेतातली ज्वारी हाय ही. वड्याकडच्या तुकड्यातली. मागल्या साली मीच आणून दिलोय की."

गुरुनं टाळी वाजवली. "वा! ताई, बघितलंत? ज्वारी पिकवणारा माणूस सुद्धा फसला! यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही! काका, तेच वाक्य पुन्हा एकदा, इकडं बघून, हसून."

"फसला म्हणजे?" अप्पांचा आवाज चढला. "पन्नास वर्षं पेरायलोय मी. माझी ज्वारी मला वळकंना व्हय?"

"अप्पा, बदामच आहेत ते," चेतनाताई गोड आवाजात म्हणाल्या. "आम्हीही आधी फसलो होतो. आमच्या पद्धतीनं केलं की हुबेहूब—"

"चेतना, मला खुळा समजतीस काय?" त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि थेट सोजरबाईकडं वळले. "बाई, तू थापलीस न्हवं? तूच सांग. कशाची हाय?"

सगळी तोंडं तिच्याकडं फिरली. संगमेश दारात उभे होते. त्यांनी मान एवढीशी हलवली, नको म्हणून की सांग म्हणून, ते तिला कळलं नाही. अप्पा तिच्याकडं एकटक बघत होते. त्या म्हाताऱ्याला खोटं पाडून आपण घरी जाऊन भाकरी कशी खायची, असं तिच्या मनात आलं.

"व्हय अप्पा," ती म्हणाली. "ज्वारी हाय. तुमचीच हाय. वड्याकडची का कुटली ते मला ठावं न्हाय, पर हितलंच पोतं हाय ते."

"हा भाग कट करू," गुरु घाईनं म्हणाला.

चेतनाताईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "कधीपासून?"

"पैल्या फुगलेल्या भाकरीपास्नं."

"म्हणजे सगळे दिवस? रोज?"

"रोज."

चेतनाताईंच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. "मग माझे चार किलो?"

दारात संगमेशांना खोकल्याची उबळ आली. हसणं दाबायला गेल्यावर येते तशी.

"ते चालण्यानं, ताई," सोजरबाई म्हणाली. "आन पेढं बंद झाल्यानं."

गुरुनं परिस्थिती हातात घ्यायचा प्रयत्न केला. "ताई, शांत व्हा. रिझल्ट महत्त्वाचा. हे बाहेर कुणाला सांगायची गरज नाही. पाकिटात आपण थोडी ज्वारी टाकू, वर लिहायचं 'पारंपरिक धान्य घटक'. बायकांना नुसत्या बदामाची जमत नव्हती, आता जमेल. उलट चांगलंच झालं!"

"तू उठ," संगमेश म्हणाले. सोजरबाईनं सहा वर्षांत त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. "तुझा दिवा उचल आणि उठ."

गुरु गेला. अप्पांनी ताट पुन्हा जवळ ओढलं, कारण भाकरी गार होत होती. चेतनाताई सोजरबाईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि दार लावून घेतलं.

"सहा वर्षं विश्वास टाकला तुमच्यावर. माझ्याच घरात मला फसवलंत. का पण? काय मिळालं तुम्हाला?"

"तुमी म्हणला, माझ्या हाताला वळण न्हाय."

"मी? मी असं कधी म्हटलं?"

चेतनाताईंना खरंच आठवत नव्हतं. त्यांचा चेहराच सांगत होता. सोजरबाईला याचं फार वाईट वाटलं. त्या वाक्यासाठी तिनं एवढी जोखीम घेतली, रात्री जागवल्या, आणि बोलणारीनं ते खरकट्या पाण्यासारखं केव्हाच ओतून टाकलं होतं. तिनं एप्रन सोडला, घडी करून ओट्यावर ठेवला.

"उद्यापास्नं दुसरी बाई बघा ताई."

"मी काढतेय तुम्हाला. तुम्ही सोडत नाही आहात," चेतनाताई म्हणाल्या.

"बरं, तसं म्हणा."

बाहेर अप्पा तिसरी भाकरी मागत होते.

पुढच्याच आठवड्यात सोजरबाईला विजापूर रोडवरच्या मुलींच्या मेसमध्ये काम लागलं. चाळीस पोरी, सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या. पोरी बोलायच्या, भांडायच्या, ताटात भाजी टाकायच्या. पण भाकरी परत येत नव्हती. संगमेश एकदा रस्त्यात भेटले. साखर थोडी खाली आली म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटून पुन्हा तेच सांगितलं होतं, एक भाकरी कमी आणि तासभर चाला. घरी मात्र दोन महिन्यांत दोन स्वयंपाकिणी बदलल्या होत्या.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी चेतनाताईंची गाडी कुमठा नाक्याच्या गल्लीत शिरली. सोजरबाई उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती. चेतनाताई आत आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, भिरभिरत्या नजरेनं घर बघितलं.

"सोजरबाई, झालं गेलं विसरा. मी गुरुचा वर्ग सोडला. तो फसवा निघाला. आता मी मिलेटवर काम करते."

"ते काय असतं?"

"ज्वारी, बाजरी, राळे. सुपरफूड आहे, सोजरबाई! ग्लुटेन-फ्री. आपल्या पूर्वजांना किती ज्ञान होतं! आणि बघा ना, गुरुनंही आता मिलेटचाच वर्ग काढलाय. माझी कल्पना चोरली त्यानं. मी केस करणार होते." त्यांनी श्वास घेतला. "मला भाकरीचे व्हिडिओ करायचेत. नवीन बायांना तुमच्यासारखी जमत नाही. तुम्ही फक्त रविवारी या."

हे चेतनाताईंच्या तोंडून सरळ कौतुकासारखं निघालं होतं, म्हणून सोजरबाई जरा विरघळली. तिनं मान वर करून सांगितलं, "येते. पर नुसतं हात न्हाय. माझं नाव आलं पायजे. आन काकणं काढणार न्हाय."

"अर्थातच! तुमच्याशिवाय काय आहे त्यात?"

रविवारी मेसला सुट्टी सांगून सोजरबाई नवं लुगडं नेसून गेली. दहा भाकऱ्या थापल्या. एकीहून एक सरस फुगल्या. ती काकणांसकट दिसली, चेहऱ्यासकट दिसली. अप्पांच्या पोत्याचाही फोटो निघाला. बुधवारी व्हिडिओ आला. अकरावीतली तिची लेक ऋतुजा फोन घेऊन धावत आली, भीमाही रिक्षा लावून आत आला, शेजारच्या दोघी दारात उभ्या राहिल्या. भाकरी फुगली तेव्हा सगळ्यांनी व्वा केलं. खाली अक्षरं आली. ऋतुजा मोठ्यानं वाचायला लागली आणि मधेच अडखळली.

"काय लिवलंय?" सोजरबाईनं विचारलं.

"'आमच्या घरच्या... सरोजबाई यांच्या हातची भाकरी.'"

"सरोज कोन गं?" भीमा म्हणाला.

ऋतुजानं ताईंना मेसेज केला. तिकडून हसरं तोंड आलं: अगं हो, करते बरोबर. ते आजतागायत झालेलं नाही. तो व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला आणि सरोजबाईंच्या हाताला काय चव असेल, असं शेकड्यांनी लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला फोन वाजला. सोजरबाई मेसमध्ये पोचली होती, परातीत पीठ घेतलं होतं. फोन ऋतुजानं सकाळीच तिच्या पिशवीत टाकला होता. तिनं पदराला हात पुसून तो कानाला लावला.

"सोजरबाई, कुठं आहात? लाइट बिइट सगळं लावून बसलेय मी."

"मी कामावर हाय ताई. तुमी असं करा, सरोजबाईला लावा की फोन. मोकळी असंल ती."

तिनं फोन खिडकीत ठेवला आणि आधणाचं पाणी पिठात ओतलं. आज पोरींची भरतीची परीक्षा होती, सगळ्या लवकर जेवणार होत्या.